सुई घेतली नि ताप आला

मी डॉक्टर नव्हे. मी शाळामास्तर. पवनारला धाम नदीच्या काठी माझे घर आहे. पस्तीस वर्षे मी पोरांना पाढे शिकवले. आता घरी बसलो आहे. पण एक धडा मला स्वतःला फार उशिरा शिकायला मिळाला. तो आज तुम्हांला सांगतो.

माझ्या सुनेचा ताप

२०२१ सालची गोष्ट. करोनाचे दिवस होते. १६ जानेवारीला साऱ्या देशात करोनाची लस टोचायला सुरुवात झाली. पहिली पाळी कोणाची? आरोग्यसेवकांची. डॉक्टर, नर्स, दवाखान्यातले सफाई कामगार, अंगणवाडीताई आणि आशाताई. रोग्याच्या सगळ्यांत जवळ हेच लोक जातात. म्हणून त्यांना आधी लस.

माझी थोरली सून गावात आशाचे काम करते. तिचा नंबर लागला. सकाळी ती लस घेऊन आली. दुपारी तिने भाकरी थापल्या. सारे ठीक होते. रात्री दहाच्या सुमारास तिला हुडहुडी भरली. अंग तव्यासारखे तापले. डोके ठणकू लागले. सकाळी दंड दगडासारखा झाला होता. वेणी घालायला हात वर जाईना.

तेवढ्यात शेजारची बाई विरजण मागायला आली. "गुरुजी, सूनबाई दिसत नाही जी?"

मी म्हणालो, "माहेरी गेली."

सरळ खोटे बोललो. सुनेलाही बजावले, "कोणाला सांगू नको. आरोग्यवालीलाच ताप आला म्हटले, तर गाव लसीला जवळ करणार नाही." मला वाटले, मी शहाणपणा केला.

तिसऱ्या दिवशी सून उठली, कामाला लागली. पण गावात भिंतीलाही कान असतात. ताप कोणाला कळायचा तो कळलाच.

१ मार्चपासून साठ वर्षांवरच्या लोकांची पाळी आली. सून घरोघर सांगत फिरू लागली. मी लस घेतली. माझा दंड एक दिवस दुखला, बाकी काही नाही. माझा एक जुना सोबती होता. चाळीस वर्षे आम्ही संध्याकाळी पारावर बसत होतो. मी त्याला म्हणालो, "चल, तूही घे."

तो म्हणाला, "गुरुजी, तुमच्या सुनेले ताप आला होता. तुम्ही सांगतलं माहेरी गेली. लस चांगली हाय, त मग लपवलं काहून?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याने लस घेतली नाही. एप्रिलात त्याला करोना झाला. त्याला दवाखान्यात नेले. तो परत आला नाही.

लस घेतली असती तर तो नक्की वाचला असता, असे मी म्हणणार नाही. एकट्या माणसाविषयी तसे कोणालाच सांगता येत नाही. पण लस घेतलेल्या लोकांत करोनाने मरणारे फार कमी होते, हे खरे. आणि त्याच्या मनातली शंका माझ्या खोट्याने पक्की झाली, हेही खरे.

म्हणून जे तेव्हा सांगायला हवे होते, ते आज लिहितो.

लस घेतल्यावर ताप का येतो?

समजा, गावात चोरांची टोळी येणार आहे. गावाने चोर कधी पाहिलेला नाही. तेव्हा पाटील काय करतो? एका माणसाला चोराचे सोंग देतो आणि रात्री गावातून फिरवतो. त्याच्या हातात शस्त्र नाही. तो कोणाचे काही नेणार नाही. पण त्याला पाहून कुत्री भुंकतात. माणसे उठतात. काठ्या निघतात. कंदील पेटतात. रात्रभर गलका होतो. कोणाची झोप मोडते.

पण त्या रात्री गावाला चोराची ओळख पटते. खरा चोर आला, की गाव त्याला वेशीवरच धरते.

लस म्हणजे चोराचे सोंग. आपल्या रक्तात राखणदार असतात. त्यांना पांढऱ्या पेशी म्हणतात. सोंग पाहून ते जागे होतात आणि एकमेकांना हाका घालतात. त्या गलक्याने अंग तापते. सांधे दुखतात. सुई टोचली तिथे राखणदारांची गर्दी होते, म्हणून तिथे सूज येते.

करोनाच्या दोन लसी तेव्हा आपल्याकडे होत्या. कोव्हॅक्सिन हैदराबादेत तयार होई. तिच्यात मारून टाकलेले करोनाचे विषाणू होते. कोविशिल्ड पुण्यात तयार होई. तिच्यात करोना नव्हताच. दुसऱ्याच एका दुबळ्या केलेल्या विषाणूबरोबर करोनाची फक्त ओळख पाठवलेली होती. म्हणून या दोन्हींपैकी कोणत्याही लसीने करोना होत नसे. आलेला ताप हा रोगाचा नव्हे, तो राखणदारांच्या गलक्याचा.

मग ज्याला ताप आला नाही, त्याची लस वाया गेली काय? नाही. काही गावांत राखणदार आरडाओरडा न करताही जागे होतात. ताप येवो न येवो, ओळख पटायची ती पटते.

ही आजची गोष्ट नाही

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. उंदीर मरू लागले. मागून माणसे मरू लागली. लोक घरेदारे सोडून पळाले. त्या वेळी हाफकिन नावाचा एक शास्त्रज्ञ मुंबईला आला. जंतूंचा अभ्यास करणे हे त्याचे काम. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला थोडी जागा मिळाली. तिथे त्याने प्लेगची लस तयार केली.

आता ती आधी कोणाला टोचायची? १० जानेवारी १८९७ या दिवशी हाफकिनने ती स्वतःला टोचून घेतली. तीही थोडीथोडकी नाही. पुढे लोकांना जेवढी देत, त्याच्या कितीतरी पट जास्त. त्याला ताप आला. टोचले तिथे वेदना झाल्या. थोड्या दिवसांत तो बरा झाला. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी आपण होऊन पुढे आले आणि त्यांनीही लस घेतली.

म्हणजे पाहा. आपल्या महाराष्ट्रात प्लेगच्या लसीचा पहिला ताप आला, तो ती लस करणाऱ्यालाच. आणि तो लपून राहिला नाही. त्याची नोंद राहिली, म्हणून सव्वाशे वर्षांनी मी तुम्हांला सांगू शकतो. मुंबईच्या परळ भागात आजही हाफकिनच्या नावाची संस्था उभी आहे. १९२५ साली तिला त्याचे नाव दिले.

किती जणांना त्रास झाला?

आता थोडे गणित करू. मास्तराचे लिहिणे गणिताशिवाय कसे पुरे होईल?

करोनाची लस सुरू झाली, त्या पहिल्या दोन दिवसांत देशात २,२४,३०१ जणांना लस दिली. हे सारे आरोग्यसेवक. सरकारने त्या वेळी सांगितले, की त्यांतल्या ४४७ जणांना काही त्रास झाला. तिघांना दवाखान्यात ठेवावे लागले. म्हणजे हजार माणसांमागे दोन जणांना त्रास.

दुसरा हिशोब पाहा. त्याच जानेवारीच्या शेवटी केरळातल्या काही डॉक्टरांनी लस घेतलेल्या ५,३९६ आरोग्यसेवकांना विचारले, "तुम्हांला काय काय झाले?" शंभरांतले ६६ जण म्हणाले, काहीतरी झाले. शंभरांत ४५ जणांना थकवा आला. ४४ जणांचे अंग दुखले. ३४ जणांना ताप आला. २८ जणांचे डोके दुखले. २७ जणांचा दंड दुखला. त्रास बहुतेकांना बारा तासांच्या आत सुरू झाला. आणि तरुणांना म्हाताऱ्यांपेक्षा पुष्कळ जास्त झाला. विशीतल्या शंभरांपैकी ८१ जणांना काही ना काही झाले. वय वाढले तसा आकडा खाली आला. तरुणाचे राखणदार जोरकस, त्यांचा गलका मोठा. सुनेला ताप आला नि मला आला नाही, त्याचा उलगडा मला इथे झाला.

एकीकडे हजारात दोन. दुसरीकडे शंभरात सहासष्ट. मग खोटे कोण बोलले? कोणीच नाही. पहिल्या हिशोबात जे आपण होऊन सांगायला आले, तेवढेच धरले. दुसऱ्या हिशोबात ज्यांना विचारले, त्यांनी सांगितले. साधा ताप घरच्या घरी निघून जातो. त्याची वर्दी द्यायला कोण जातो? काही घरांत तर मास्तर म्हणतो, "सांगू नको."

पण हजारात दोन हा आकडा ऐकून बसलेल्या माणसाला रात्री ताप आला, तर तो घाबरणारच. त्याला वाटेल, मलाच कसा झाला? आणि शंभरात सहासष्ट जणांना काहीतरी होते, दोन दिवसांत जाते, हे आधी कळले असेल, तर तो गोळी घेऊन निजेल. खरा आकडा माणसाला घाबरवत नाही. तो धीर देतो.

त्रास येण्याच्या चार वाटा

लस घेतली आणि मागून काही झाले, तर ते लसीनेच झाले असे नसते. त्रास चार वाटांनी येतो.

पहिली वाट लसीची. ताप, अंगदुखी, सूज. ती आपण पाहिली.

दुसरी वाट हाताळणीतल्या चुकीची. १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगची लस दिली. एका बाटलीतून ज्यांना लस मिळाली, त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सारे मेले. दोष हाफकिनवर आला. पुढे चौकशीतून दिसले, की लस तयार करण्यात दोष नव्हता. ती बाटली गावात उघडताना घाण आत गेली होती. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरला. आज दर माणसाला नवी सुई, नवी पिचकारी वापरतात. लस थंड पेटीत ठेवतात. ते आपण डोळ्यांनी पाहून घ्यावे. विचारायला लाजू नये.

तिसरी वाट भीतीची. शाळेत लस द्यायला नर्स आली, की एखादा दांडगा मुलगा सुई पाहूनच चक्कर येऊन पडे. एक पडला की मागून दोघे-तिघे पडत. हे ढोंग नव्हे. भीतीने रक्तदाब खाली येतो. थोडे निजवले, पाणी दिले, की बरे वाटते.

चौथी वाट योगायोगाची. आपण म्हणतो ना, कावळा बसायला नि फांदी मोडायला. २०२१ साली कितीजण म्हणाले, "लस घेतली नि करोना झाला." त्यांतल्या काहींच्या अंगात करोना आधीच शिरला होता. काहींना लस घेतल्यावर लगेच लागण झाली. लसीला ओळख पटवायला दोन-तीन आठवडे लागतात. कावळा नुसता येऊन बसला होता.

पण योगायोग आहे हे घरी बसून ठरवायचे नाही. मोठा त्रास झाला, तर तो कोणत्या वाटेने आला हे पाहायला जिल्ह्यात, राज्यात आणि देशात डॉक्टरांच्या समित्या आहेत. आपले काम वर्दी देण्याचे.

मोठा त्रास होतो का?

होतो. फार थोड्यांना होतो, पण होतो. तेही लपवू नये.

काही माणसांना एखाद्या पदार्थाचे वावडे असते. कोणाला वांगे, कोणाला मासळी. तसे क्वचित कोणाला लसीतल्या एखाद्या पदार्थाचे कडक वावडे निघते. अंगावर गांधी उठतात. ओठ नि घसा सुजतो. श्वास कोंडतो. रक्तदाब एकदम पडतो. हे बहुधा लस घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत होते. यावर औषध आहे. त्याचे नाव अ‍ॅड्रिनॅलिन. ते लसीच्या जागी तयार ठेवलेले असते. वेळेवर टोचले तर माणूस वाचतो.

सरकारच्या समितीने पुढे अशा घटना तपासल्या. १६ आणि १९ जानेवारी २०२१ या दिवशी लस घेतलेल्या दोघांना असे कडक वावडे निघाले होते. दोघांनाही दवाखान्यात उपचार मिळाले. दोघेही बरे झाले. पण ८ मार्चला लस घेतलेले ६८ वर्षांचे एक गृहस्थ अशाच त्रासाने वारले. तो मृत्यू लसीमुळे झाला, असे समितीने स्पष्ट सांगितले.

आता कळले ना, लस घेतल्यावर अर्धा तास का बसवून ठेवत? आपल्याला वाटायचे, वेळ फुकट गेला. निंदण पडले आहे, ढोरे खोळंबली आहेत. पण तो अर्धा तास जिवाचा आहे.

दुसरा मोठा त्रास रक्ताच्या गुठळीचा. कोविशिल्डसारख्या लसीने क्वचित कोणाच्या रक्तात गुठळ्या झाल्या. मे २०२१ मध्ये सरकारी समितीने सांगितले, की अशी शंका यावी असे २६ रोगी देशात आढळले. दहा लाख डोसांमागे एकाहूनही कमी. २०२४ साली ही बातमी पुन्हा मोबाइलवर फिरली. तेव्हा माझ्याकडे लोक घाबरून आले. लस घेऊन तीन वर्षे झालेली होती. मी सांगितले, हा त्रास व्हायचा तर लस घेतल्यावर थोड्याच आठवड्यांत होतो. तीन वर्षांनी नव्हे. या वेळी मी काही लपवले नाही. लोक शांतपणे घरी गेले.

त्रास झाला तर काय करावे?

लस घेतल्यावर सांगितला तेवढा वेळ तिथेच बसावे. कोणाला पूर्वी औषधाचे, सुईचे वावडे निघाले असेल, तर लस घेण्याच्या आधी सांगावे.

ताप आला तर पाणी पुष्कळ प्यावे. कण्हेरी, वरणभात असे हलके जेवावे. पॅरासिटामॉलची गोळी चालते. लहान मुलाला किती द्यायची, ते नर्सला किंवा डॉक्टरला विचारूनच द्यावे. टोचलेली जागा चोळू नये. तिथे हळद, चुना, कसला पाला काही लावू नये. फार ठणकत असेल, तर थंड पाण्याची ओली घडी ठेवावी.

ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर दवाखान्यात जावे. पण श्वास लागला, छातीत दुखले, झटके आले, पाय सुजला, डोके न थांबता दुखून उलट्या होऊ लागल्या, किंवा अंगावर लाल ठिपके उठले, तर वाट पाहू नये. तडक दवाखाना गाठावा. आणि लस घेतली होती, कधी घेतली होती, हे डॉक्टरला सांगावे.

साधा ताप असला तरी आशाताईला सांगावे. ती नर्सला सांगेल, नर्स डॉक्टरला. मोठा त्रास असेल, तर वर्दी जिल्ह्यापर्यंत जाते. एका बाटलीत काही खोट असेल, तर ती अशा वर्दीनेच सापडते. तुमच्या एका बोलण्याने दुसऱ्या गावातले माणूस वाचू शकते.

शेवटची गोष्ट

करोनाची साथ ओसरली. पण लस काही गेली नाही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळांना आजही सुई देतात. तिने घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात असे रोग टळतात. या सुईनेही बाळाला ताप येतो. बाळ रात्रभर किरकिरते.

परवा आमच्या गल्लीतली एक तरुण आई म्हणाली, "पहिल्या सुईने पोट्ट्याले ताप आला. आता दुसरी मी घेत नाही." माझी सून तिच्याजवळ जमिनीवर बसली. म्हणाली, "ताप येईल. या खेपेलाही येईल कदाचित. मलेही आला होता, दोन दिवस पडून होती. घरात लपवून ठेवलं होतं." असे म्हणून तिने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली.

मग सुनेने तिला सारे सांगितले. ताप का येतो, किती दिवस राहतो, केव्हा घाबरायचे, केव्हा नाही. आपला फोन नंबर दिला. म्हणाली, "रात्री बारा वाजता वाटलं तरी बोलव."

त्या आईने दुसरी सुई दिली. बाळाला ताप आला. दुसऱ्या दिवशी उतरला.

पारावर माझ्या शेजारची जागा अजून रिकामी आहे. तिथे बसलो, की मला त्याचा प्रश्न ऐकू येतो, "लपवलं काहून?"

लक्षात ठेवा

१. लसीनंतरचा साधा ताप हा रोग नव्हे. तो एक-दोन दिवसांत जातो.
२. लस घेतल्यावर सांगितला तेवढा वेळ तिथेच बसा.
३. श्वास, छाती, झटके, न थांबणारी डोकेदुखी, अंगावर लाल ठिपके यांत वेळ घालवू नका.
४. झालेला त्रास लपवू नका. आशाताईला सांगा.
५. शेजाऱ्याने विचारले, तर खरे तेच सांगा.